पोस्ट उडाली तर काय दाखवाल?

"मॅडम, यूट्यूबच्या व्हिडिओचा संदर्भ कसा द्यायचा? फक्त फॉरमॅट पाठवा, बाकी मी करतो."

असा मेल आला की मी फॉरमॅट पाठवून देते. दोन ओळींचं काम आहे. पण 'बाकी मी करतो' यातलं जे 'बाकी' आहे ना, सगळी गोम तिथेच आहे.

मी इतरांच्या प्रबंधांच्या आणि शोधनिबंधांच्या संदर्भसूच्या तपासून देते. माझा पोटापाण्याचा उद्योग हाच. समाजशास्त्र, पत्रकारिता, भाषा, मानसशास्त्र, विषय कुठलाही असो, पूर्वी सूचीच्या शेवटी चोरट्यासारखी एखाद-दुसरी वेबसाइट बसलेली असायची. आता पोस्ट, रील्स आणि व्हिडिओंची रांगच लागलेली असते. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती नोंदी ज्या तऱ्हेने येतात त्याला. 'स्रोत: यूट्यूब'. बस्स, संपली नोंद. कोणी टाकला, कधी टाकला, कितव्या मिनिटाला काय म्हटलंय, कशाचाच पत्ता नाही. दुसरा प्रकार बरोबर उलटा: नुसती लिंक, तीही अडीच ओळींची, कारण शेअरचं बटण दाबल्यावर जशी हाती आली तशी चिकटवलेली. यूट्यूबच्या लिंकला मागे 'एसआय' नावाचं शेपूट असतं, फेसबुकवरून आलेल्या लिंकला 'एफबीसीएलआयडी' नावाचं. ही शेपटं तुमचा माग काढण्यासाठी असतात, वाचकाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. कापून टाका. मात्र यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये व्हिडिओचा अकरा अक्षरी आयडी प्रश्नचिन्हानंतर येतो, तो जपा. प्रश्नचिन्ह दिसलं की कापायचं, असा नियम करून एकाने अख्ख्या सूचीतल्या यूट्यूबच्या लिंक्स मुख्यपृष्ठावर नेऊन सोडल्या होत्या.

असो. मुद्दा वेगळाच आहे.

पुस्तकाचा संदर्भ हा पत्ता असतो. आवृत्ती छापून झाली, प्रती ग्रंथालयांत गेल्या, की लेखकाला नंतर कितीही पश्चात्ताप झाला तरी पान ११२ वरचं वाक्य त्याला बदलता येत नाही. पोस्टचं तसं नाही. लिहिणारा ती उडवू शकतो, बदलू शकतो, खातं खासगी करू शकतो. कंपनी त्याचं खातं बंद करू शकते. अख्खी सेवाच गाशा गुंडाळू शकते: ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, वाइन २०१७ मध्ये, गुगल प्लस २०१९ मध्ये. त्यामुळे पोस्टचा नुसता पत्ता देऊन भागत नाही, पंचनामा करावा लागतो. काय दिसलं, कुठे, कोणाच्या नावावर, कधी आणि कोणत्या अवस्थेत. जागा नंतर धुऊन निघाली तरी कागदावर उतरलेलं शिल्लक राहायला हवं.

हे मी घाबरवायला सांगत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधनसंस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. त्याच अभ्यासात ट्विटरवरच्या पोस्ट वेगळ्या तपासल्या होत्या. त्यातली जवळजवळ पाचातली एक काही महिन्यांतच दिसेनाशी झाली होती. काही महिन्यांत! प्रबंध जमा केल्यापासून व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची तारीख लागेपर्यंत याहून जास्त काळ जातो. कायद्याच्या क्षेत्रातल्या लोकांना हा झटका आधीच बसला होता. जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या लिंक्स तपासल्या, तेव्हा निम्म्या लिंक्सवर न्यायाधीशांनी उद्धृत केलेला मूळ मजकूर मिळत नव्हता. निकालपत्रांची ही गत, तर आपल्या तिसऱ्या प्रकरणातल्या तळटीप सतराचं काय घेऊन बसलात.

आणि ८ जानेवारी २०२१. त्या दिवशी ट्विटरने डोनाल्ड ट्रम्प यांचं खातं बंद केलं. राज्यशास्त्राच्या आणि माध्यमांच्या अभ्यासात त्यांच्या ट्विट्सवर किती लिहिलं गेलं होतं ते वेगळं सांगायला नको. त्या सगळ्या लेखनातल्या लिंक्स एका रात्रीत मुक्या झाल्या. खातं परत सुरू झालं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात, ज्यांनी मजकूर, तारीख आणि जतन केलेली प्रत दिली होती त्यांचे लेख तसेच उभे राहिले. ज्यांनी फक्त लिंक दिली होती त्यांच्या वाचकाला 'खातं निलंबित आहे' एवढंच वाचायला मिळालं.

"पण इंटरनेटवर सगळं कुठे ना कुठे राहतंच की," असं मला हमखास ऐकवलं जातं. नाही राहत. लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या अमेरिकेच्या बलाढ्य ग्रंथालयाने २०१० मध्ये ट्विटरवरच्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट जतन करायचं मनावर घेतलं. २०१८ पासून त्यानेही सरसकट साठवणं सोडून निवडक पोस्टच ठेवायला सुरुवात केली. आणि जो ढीग साठला तो संशोधकांसाठी उघडलाच गेला नाही.

तेव्हा आधी जपून ठेवा, स्वल्पविराम मागाहून. व्हिडिओतलं वाक्य वहीत उतरवायच्या आधी त्या पानाची प्रत करायची. इंटरनेट आर्काइव्ह ही वेबपानांच्या प्रती साठवणारी संस्था; तिच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' असं खण आहे, त्यात लिंक टाकली की तारीख-वेळेसकट प्रत तयार होते आणि तिची स्वतंत्र लिंक मिळते. सूचीत मूळ लिंकच्या पुढे ती लिहायची. पर्मा डॉट सीसी ही सोय तर हार्वर्डच्या लॉ लायब्ररीने खास संदर्भांसाठीच उभी केली. झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा प्रोग्राम वापरत असाल तर तोही पानाची प्रत तुमच्या संगणकावर ठेवतो.

पण इथे तीन अडचणी आहेत, त्या कुणी सांगत नाही. एक म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामची बरीचशी पानं लॉगिनच्या भिंतीमागे असतात, त्यामुळे आर्काइव्हमध्ये पोस्टऐवजी लॉगिनचं पानच जतन होतं. प्रत झाली म्हणून निर्धास्त राहू नका, ती उघडून बघा. तिथे स्क्रीनशॉटला पर्याय नाही. फक्त तो कापलेला नको; ब्राउझरचा पत्ता, खात्याचं नाव, पोस्टची तारीख आणि तुमच्या संगणकावरचं घड्याळ, सगळं एका चौकटीत दिसायला हवं. दोन, यूट्यूबचं पान जतन झालं तरी आतला व्हिडिओ पुष्कळदा होत नाही. म्हणून जेवढा भाग वापरणार आहात तेवढा स्वतःच्या कानाने ऐकून शब्दशः लिहून काढा, मागच्या-पुढच्या दोन-दोन वाक्यांसकट. आपोआप येणाऱ्या सबटायटल्सवर विसंबू नका. त्या 'नाही' गिळतात, आणि 'नाही' गिळलेलं वाक्य किती गोंधळ घालतं ते मी बघितलंय. तीन, आर्काइव्हही अमरपट्टा घेऊन आलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला होऊन इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंदच पडलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात प्रबंध जमा करायची तारीख असलेल्यांचे मला फोन येत होते. आपल्याजवळ एक प्रत असू द्या.

आता लेखक कोण, हा प्रश्न. पुस्तकाच्या बाबतीत तो मुखपृष्ठावरच सुटलेला असतो, इथे मात्र खरी गंमत सुरू होते. यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ घ्या. 'मी ॲट द झू', २३ एप्रिल २००५, लांबी १९ सेकंद. यूट्यूबचे एक संस्थापक जावेद करीम हत्तींपुढे उभे राहून त्यांच्या सोंडा किती लांब असतात ते सांगतात, की व्हिडिओ संपला. याची नोंद करायला बसलं की एवढ्याशा १९ सेकंदांत सगळे प्रश्न भेटतात. बोलतात करीम. कॅमेरा मित्राच्या हातात. चॅनेलचं नाव नुसतंच 'जावेद'. मग लेखक म्हणून कोणाला घालायचं? एपीए पद्धत (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची रीत) म्हणते, ज्याच्या खात्यावरून अपलोड झाला तो, कारण वाचक शोधायला जाईल तेव्हा त्याला ते खातंच सापडणार आहे. बोलणारा वेगळा असेल तर त्याचं नाव तुम्ही तुमच्या वाक्यात घ्या: 'अमुक यांनी आपल्या व्याख्यानात म्हटलं आहे की', आणि कंसात चॅनेलचं नाव. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या) पद्धतीत निर्माता माहीत असेल तर तो पुढे आणि 'कोणी अपलोड केला' ते मागे, असं चालतं. मला एपीएचं जास्त पटतं, पण विद्यापीठ किंवा नियतकालिक जे सांगेल ते, तिथे वाद घालायला जाऊ नये.

याच व्हिडिओत तारखेचाही धडा आहे. चित्रण २००५ पासून तसंच आहे, पण त्याखालचं वर्णन करीम यांनी मधूनमधून बदललंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने डिसलाइकचा आकडा लपवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी आपली नाराजी नेमकी याच वर्णनात लिहून ठेवली. म्हणजे लिंक तीच, अपलोडची तारीख तीच, आणि खालचा मजकूर सोळा वर्षांनी लिहिलेला! म्हणून व्हिडिओचा संदर्भ देत असाल तर 'कधी पाहिला' ही तारीख एपीएला नको असते. वर्णन, प्रोफाइल, फॉलोअर्सचा आकडा अशा बदलत्या गोष्टीचा देत असाल तर ती हवीच. परिचय-मजकूर म्हणजे बायो, तो तर लोक कपड्यांसारखा बदलतात.

आणि हो, 'तीन वर्षांपूर्वी' ही तारीख नव्हे. यूट्यूब तसं दाखवतं हे खरं, पण वर्णनावर क्लिक केलं की पूर्ण तारीख उघडते. फेसबुकवर पोस्टच्या वर जी वेळ दिसते, तिच्यावर क्लिक केलं की त्या एकट्या पोस्टची लिंक मिळते. एरवी लोक अख्ख्या पानाची लिंक देतात आणि वाचकाने खाली-खाली सरकत बसावं अशी अपेक्षा करतात.

खात्याच्या नावावर किती विसंबायचं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं '@पोटस' हे हँडल. ते पदाचं आहे, माणसाचं नाही. जानेवारी २०१७ मध्ये ओबामांचा कार्यकाळ संपला, तेव्हा त्यांच्या तिथल्या पोस्ट '@पोटस४४' नावाच्या खात्यात हलवल्या गेल्या आणि मूळ हँडल नव्या माणसाकडे गेलं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या पोस्ट पुढे '@पोटस४५' मध्ये गेल्या. आता २०१६ सालच्या पोस्टसाठी नुसतं '@पोटस' लिहिलं, तर वाचक भलत्याच माणसाच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून हँडलबरोबर माणसाचं खरं नाव लिहायचं, माहीत असेल तर. आणि पोस्टची लिंक पूर्ण द्यायची, कारण ट्विटरच्या लिंकमध्ये खरं काम हँडल करत नाही, शेवटचा लांबलचक आकडा करतो. ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांच्या २१ मार्च २००६ च्या पहिल्या पोस्टचा आकडा नुसता २० आहे. लिंकमध्ये 'जॅक'च्या जागी दुसरं काही लिहिलं तरी हा आकडा तुम्हाला त्याच पोस्टवर नेतो. हँडल बदलतात, आकडा बदलत नाही.

या आकड्याची आणखी एक खुबी, जी कळल्यावर मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले होते. नोव्हेंबर २०१० पासून ट्विटरचे हे आकडे अशा रीतीने तयार होतात की पोस्ट टाकल्याची वेळ मिलिसेकंदापर्यंत त्यातच दडलेली असते. पोस्ट उडाली, फक्त लिंक शिल्लक आहे, तरी ती कधी टाकली गेली ते त्यावरून काढता येतं. हे हिशेब करून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. स्क्रीनवर दिसणारी वेळ मात्र बघणाऱ्याच्या वेळेप्रमाणे असते, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासची पोस्ट एकाला ३ तारखेची दिसते आणि दुसऱ्याला ४ तारखेची. घटनाक्रमावर युक्तिवाद उभा असेल तर ही बाब किरकोळ नाही.

ट्विटरवरच्या निळ्या खुणेबद्दल एकच वाक्य: ती पूर्वी ओळख पटल्याची होती, २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या खुणा काढल्या गेल्या आणि आता ती मुख्यतः पैसे भरल्याची आहे, तेव्हा 'व्हेरिफाइड खातं' हा पुरावा म्हणून लिहू नका.

फॉरमॅट विचारणाऱ्यांसाठी आता थोडक्यात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत पोस्टला शीर्षक नसल्यामुळे तिचे पहिले वीस शब्दच शीर्षक म्हणून घालतात. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' या नियमपुस्तकाच्या सतराव्या आवृत्तीने २८० अक्षरांपर्यंत मुभा दिली आणि असंही सांगितलं की बहुतेक वेळा मजकुरात किंवा टिपेत उल्लेख केला तरी पुरे. एपीएची नोंद अशी दिसते:

जावेद. (२००५, २३ एप्रिल). मी ॲट द झू [व्हिडिओ]. यूट्यूब. त्यापुढे लिंक.

मजकुरात उद्धृत करताना पानाच्या जागी मिनिट-सेकंद: (जावेद, २००५, ०:०५). हे मिनिट-सेकंद लोक हमखास विसरतात आणि मग मी दोन तासांच्या मुलाखतीत एक वाक्य शोधत बसते. व्हिडिओची एकूण लांबीही आपल्या टिपणात लिहून ठेवा. यूट्यूबवर अपलोड झाल्यानंतरही मधला तुकडा कापता येतो आणि लिंक तीच राहते. लांबी बदललेली दिसली की समजायचं, कात्री लागली आहे. पोस्टचंही तेच. फेसबुकवर ती केव्हाही बदलता येते आणि एक्सवर पैसे भरणाऱ्यांना टाकल्यापासून तासाभरात.

इमोजी? ठेवायचे. वीस शब्दांच्या हिशेबात एक इमोजी एक शब्द. टाइप होत नसेल तर चौकटी कंसात त्याचं वर्णन. आणि शुद्धलेखन अजिबात सुधारायचं नाही. ही माझी स्वतःची परीक्षा असते. समोर 'दीवस' लिहिलेलं असतं, माझा हात शिवशिवतो, पण पोस्टमध्ये आहे तसंच जायला हवं. ट्विटर लिहायचं की एक्स, हाही रोजचा प्रश्न. नाव जुलै २०२३ मध्ये बदललं. मी 'एक्स (पूर्वीचं ट्विटर)' चालवून घेते, फक्त सूचीभर एकच पद्धत हवी.

एक काम मात्र कुठलाच फॉरमॅट करून देत नाही. मध्यंतरी मातृभाषेतल्या शिक्षणावरचा एक निबंध तपासायला आला. त्यात एका ज्येष्ठ अभ्यासकांचं वाक्य होतं, 'मातृभाषेत शिकलेली मुलं पुढे मागे पडतात', आणि त्यावर निबंधलेखकाने दीड पानाचं खंडन रचलं होतं. संदर्भ अगदी निर्दोष: चॅनेल, तारीख, कंसात व्हिडिओ, मिनिट-सेकंद, सगळं जागच्या जागी. मला खटकली ती लांबी. अवघ्या ४० सेकंदांची क्लिप, मागे पार्श्वसंगीत, खाली ठळक पिवळी अक्षरं. वक्त्यांच्या पाठीमागे फलकाचा अर्धा भाग दिसत होता, त्यावर व्याख्यानमालेचं नाव होतं. ते टाकून शोधलं, तर आयोजक संस्थेच्या स्वतःच्या चॅनेलवर अखंड व्याख्यान मिळालं, तासाभराहून मोठं. त्या वाक्याच्या आधी ते म्हणत होते, 'पालक मला येऊन नेहमी सांगतात की'. आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी हाच समज खोडून काढला होता. क्लिप करणाऱ्याने पालकांना कापून टाकलं होतं. निबंधलेखकाला कळवल्यावर आधी शांतता, मग 'मॅडम, मग खंडनाचं काय करू?' काय करणार, काढलं. संदर्भ आता मूळ व्याख्यानाचा आहे आणि ते अभ्यासक निबंधाच्या बाजूने उभे आहेत.

क्लिप, स्क्रीनशॉट, 'अमक्याने शेअर केलेली तमक्याची पोस्ट' दिसली की मूळ गाठा, असं मी म्हणते ते यासाठी. मूळ नाहीच मिळालं, तर जे पाहिलं तेच लिहायचं: अमक्या खात्यावर प्रसारित झालेला अंश. मूळ पाहिल्याचा आव आणायचा नाही.

आता मार्गदर्शकांकडे वळते. 'सोशल मीडियाचे संदर्भ चालणार नाहीत' असा सरसकट फतवा काढणारे गाईड अजून भेटतात. त्यांची चीड मला समजते, पण नियम चुकीच्या जागी लावलाय. पोस्ट कशाचा पुरावा म्हणून देताय, यावर सगळं आहे. एखाद्या मंत्र्याने अमुक घोषणा केली, हे सांगायला त्याची पोस्ट हाच प्राथमिक स्रोत; तिथे वर्तमानपत्रातली बातमी ही उलट दुय्यम. लोक एखाद्या लशीबद्दल काय बोलत होते, याचा अभ्यास पोस्ट टाळून होणारच नाही. पण ती लस किती परिणामकारक आहे हे सांगायला रील? तिथे मी लाल रेघ मारते, मग तिला दहा लाख लाइक्स का असेनात. पोस्ट एवढंच सिद्ध करते की असं म्हटलं गेलं. ते खरं आहे की नाही, त्याला वेगळा स्रोत लागतो.

चोवीस तासांत विरणाऱ्या स्टोरीज आणि व्हॉट्सॲपचे मेसेज यांचं उत्तर लहान आहे. वाचकाला जे गाठताच येणार नाही ते एपीएच्या सूचीत जात नाही. मजकुरातच 'व्यक्तिगत संवाद' म्हणून नाव आणि तारखेसह येतं. ग्रुपवर आलेल्या 'फॉरवर्डेड' व्हिडिओला मात्र नावच नसतं, म्हणून त्याचं मूळ शोधा, नाहीतर सोडा.

सामान्य माणसांच्या पोस्टबद्दल मात्र माझी सगळी वरची बडबड उलटी फिरते.

एका विद्यार्थिनीचा विषय होता बाळंतपणानंतर येणारं नैराश्य. बायका सोशल मीडियावर त्याबद्दल कशा बोलतात, हे ती पाहत होती. सगळ्या पोस्ट सार्वजनिक. नावं तिने काळजीपूर्वक काढली होती, 'सहभागी १', 'सहभागी २' असं लिहिलं होतं, वाक्यं मात्र अवतरणचिन्हांत जशीच्या तशी. तिच्यासमोरच मी एक वाक्य उचलून सर्चमध्ये टाकलं. पहिलाच निकाल ती पोस्ट. तिथून एका क्लिकवर त्या बाईचं नाव, नवऱ्याबरोबरचा फोटो, बाळाचा फोटो. नाव झाकलं होतं, पण वाक्यानेच नाव सांगितलं. विद्यार्थिनीने लॅपटॉप मिटलाच.

सार्वजनिक पोस्ट आहे म्हणजे परवानगी आहे, असं होत नाही. केसी फिस्लर आणि निकोलस प्रोफेरेस यांनी २०१८ मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांनाच याबद्दल विचारलं होतं. आपल्या पोस्ट संशोधक वापरतात, हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं आणि न विचारता वापरू नयेत असं मानणारे त्यात पुष्कळ होते. असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स ही संघटना २००२ पासून याविषयी मार्गदर्शक सूचना काढते आहे. त्यात एक सोपा ठोकळा नियम नाही, प्रत्येक वेळी विचार करा असंच ती सांगते. मीही तसंच करते. मंत्री, कंपनी, अभिनेता: नावानिशी संदर्भ, पोस्ट उडवली असली तरी आर्काइव्हची प्रत लावून. आजार, घटस्फोट, छळ यांवर मन मोकळं केलेली अनोळखी व्यक्ती: संमती घ्या, ती मिळत नसेल तर आशय स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि लिहून झाल्यावर स्वतःच सर्च करून बघा की माग लागतो का. अवघड असतो तो मधला माणूस, ज्याची एकच पोस्ट अचानक लाखोंनी वाचली. त्याने ती नंतर उडवली असेल, तर मी संदर्भ काढायला सांगते. काही संपादकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, तेव्हा ती सार्वजनिक होती. होती ना. पण आता त्याला ती नको आहे, आणि त्याच्या नावाशिवाय तुमचा मुद्दा अडत नाही.

त्या विद्यार्थिनीने सगळी अवतरणं काढून आशय पुन्हा लिहिला. पोस्ट कुठल्या काळातल्या, कोणते शब्द टाकून शोधल्या, किती घेतल्या, किती सोडल्या आणि का, हे सगळं पद्धतीच्या प्रकरणात घातलं. मूळ प्रती, तारीख-वेळेच्या स्क्रीनशॉटसकट, पासवर्ड लावून तिच्याजवळ आणि गाईडजवळ राहिल्या. सूचीत एकही पोस्ट गेली नाही. "मॅडम, दीडशे नोंदींची सूची साठावर आली, किती रिकामी दिसतेय," असं ती दोनदा म्हणाली. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, तुमची मूळ सामग्री सूचीत का नाही? तिने पद्धतीच्या प्रकरणाचं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं आणि त्यांनी दुसरा प्रश्न घेतला.